उजव्या कानाचा साचा

बाईंचं कानाचं मशीन पहिल्यांदा माझ्या तळहातावर आलं तेव्हा मला काजूगर आठवला. तोच आकार, तोच बाक. काजूच्या फॅक्टरीत सहा वर्षं मी साल काढायचं काम केलेलं, त्यामुळे बोटांना ते लगेच ओळखीचं वाटलं. पडू नये म्हणून मी मूठ मिटली, तर मुठीतून शिट्टी वाजली. घाबरून मी ते खाटेवर टाकूनच दिलं.

"चावत नाई ते," बाई म्हणाल्या. "मुठीत कोंबलं का बोंबलते. आधी सेलचं दार उघडाचं, मंग हातात घ्याचं."

शिट्टी त्यांना ऐकू गेली नव्हती. माझं तोंड बघून त्यांना कळलं होतं.

बोरगाव मेघेत येऊन आम्हाला तेव्हा तीन-चार महिने झाले असतील. नवरा सेंट्रिंगचं काम करतो. आमच्या कुडाळकडच्या एका ठेकेदाराला इथे वसतिगृहाच्या इमारतीचं काम मिळालं आणि दोन गाड्या बदलून आम्ही इतक्या लांब आलो. बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पंचाहत्तरी ओलांडलेली, मुलगा बंगळूरला, घरात एकट्या. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. सातवीत शाळा सुटल्यापासून कोणाला बाई म्हणायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

आल्या आल्या मला ताप भरला होता. नवरा कामावर, शेजारी कोणी ओळखीचं नाही, आणि माझं बोलणं इथे कोणाला धड कळेना. बाई स्वतः पातळ खिचडी घेऊन आल्या. दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर अख्खी सकाळ बसल्या. मी म्हटलं, "माका पाणी व्हया." बाईंनी कानामागचं बटण दाबून आवाज वाढवला आणि माझ्याकडे वाकल्या.

"मका? एवढ्या तापात मका कुठी खातं वं पोरी?"

तापातही मी हसले. मग बाकावर बसल्या बसल्या त्यांनी हिशेब लावला. तुमच्याकडे माका, आमच्याकडे मले, पुस्तकात मला. "पुस्तकातलं घरी कोणीच बोलत नाई," वर असंही म्हणाल्या.

त्या खिचडीची परतफेड कशी करावी हे मला कळत नव्हतं. आपल्या माणसाने केलेलं विसरून जाता येतं, परक्याने केलेलं मात्र हात धुतानासुद्धा आठवतं. म्हणून सांधे आखडून बाईंची बोटं वळेनाशी झाली आणि मशीनचा सेल तिसऱ्यांदा खाटेखाली गडगडत गेला, तेव्हा मी म्हटलं, "मी करते."

"करजो. पण शिकून करजो. अंदाजानं नाई."

गॅस बंद केला की नाही हे मी तीनदा उठून बघते. असल्या माणसाने दुसऱ्याचा कान हातात घ्यायचा म्हणजे सगळं लिहूनच घ्यायला हवं. मी वही काढली. बाई सांगायच्या, मी लिहायची. कानामागे बसतं ते मशीन. कानात बसतो तो साचा, मऊ आणि काचेसारखा आरपार, त्यांच्याच कानाच्या मापाचा ओतून घेतलेला. दोघांना जोडणारी बारीक नळी. मशीनला पाण्याचा थेंबही लागता कामा नये, ते फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं. साचा मात्र आठवड्याने नळीसकट सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, मऊ ब्रशने घासायचा, नळीत अडकलेलं पाणी रबरी फुग्याने उडवायचं, आणि पुरता वाळल्याशिवाय परत जोडायचा नाही.

"फुगा कशाला? तोंडाने फुंकलं तर?"

"तोंडाची वाफ म्हंजे काय असते? पाणीच ना? सहावीत शिकलं असशीन."

शिकले होते. पण ते ढगांच्या धड्यात होतं, नळीच्या नाही.

मला सगळ्यात नवल वाटलं सेलचं. कुंकवाच्या मोठ्या टिकलीएवढा सेल, त्याच्या पाठीवर एक रंगीत चिकटपट्टी. ती सोलून मी लगेच आत बसवायला गेले तर बाईंनी हात धरला. "थांब. मिनिटभर तसाच राहू दे. हवा पिऊ दे त्याले." मला वाटलं, थट्टा करतायत. पण पट्टीखाली खरंच सुईच्या टोकाएवढी भोकं होती. हवा आत गेली की सेल जागा होतो, तोवर झोपलेला. तेव्हापासून सेल बदलताना मी ते एक मिनिट त्याच्याकडे बघत बसते. दिसत काही नाही. तरी बघते.

मशीन ठीक चाललंय का हे बघायला एक वेगळी नळी होती, डॉक्टर छातीला लावतात तसली. एक टोक मशीनला, दोन टोकं आपल्या कानात. धडधाकट कानाच्या माणसाने ऐकून खात्री करायची. मी पहिल्यांदा लावली आणि दचकलेच. पंखा, शेजारणीची भांडी, माझ्याच बांगड्या, बाईंच्या हातातल्या पेपरचं पान, सगळं एकाच जोराने कानात आलं. कोण जवळ, कोण लांब काही कळेना.

"यातून माणसाचं बोलणं कसं ओळखता तुम्ही?"

"निवडा लागते. तांदूळ निवडत नाई काय तू? तसं. दिवसभर निवडून निवडून थकून जाते माणूस."

दुपारी बाई मशीन काढून गप्प का बसतात हे मला त्या दिवशी कळलं. मी आपली समजत होते, माझं काहीतरी चुकलं असणार.

पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, आमच्या गल्लीच्या टोकाच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायच्या बाई. पांढरी साडी नेसून, चष्मा पुसून, पुस्तक मांडीवर घेऊन त्या बसल्या की वीस-पंचवीस बाया समोर. मी मागे भिंतीला टेकून बसायची. तू कोण, इथे कशी, असं मला कोणी विचारलं नाही. वाचन झालं की बाया प्रश्न विचारायच्या आणि खरी गंमत तिथे असायची. सून-सासूपासून मरणापर्यंत काहीही निघायचं.

एकदा मी म्हटलं, "बाई, वाचायला तर कान लागत नाही."

"वाचाले नाई लागत. पण बाया इचारतात ना. त्याच्याचसाठी तं वाचाचं. नाई तं घरी बसून वाचलं असतं मी."

डावा कान त्यांचा कधीच गेला होता. कान तपासणाऱ्या मुलीने उन्हाळ्यात स्पष्ट सांगितलं होतं की आता सगळा भार उजव्यावर आहे. उजवाही डाव्याइतका उतरला तर कितीही भारी मशीन लावा, उपयोग नाही. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, भाजी चिरताना, सांगून पुढची वांगी घेतली. मग मी विषय काढला नाही. पण साचा धुताना माझे हात जास्तच जपून चालू लागले.

आणि तरी तेल मीच घातलं.

रविवार होता. बाईंचं डोकं दुखत होतं. आमच्याकडे डोकं दुखलं, सर्दी झाली, झोप येईना, काहीही झालं तरी एकच उपाय. लसणीची पाकळी खोबरेल तेलात कढवायची, तेल कोमट झालं की डोक्यावर थापायचं आणि दोन दोन थेंब कानात. माझ्या आईने आम्हा सगळ्यांना असंच वाढवलं. मी वाटीत तेल घेऊन गेले, तेव्हा बाईंनी मशीन काढून डबीत ठेवलेलं. त्यांनी डोळे मिटून डोकं माझ्या हातात दिलं. मी कानात थेंब सोडले तशा म्हणाल्या, "आमची माय बी टाके. पन्नास वर्सं झाली कोणी टाकलं नाई." मला इतकं बरं वाटलं की मी थोडं आणखी टाकलं.

सोमवारी त्या म्हणाल्या, "आज आवाज खोल गेला वं." मी सेल बदलला. मंगळवारी टीव्हीचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येऊ लागला. बुधवारी विहारात पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "बाई, दया आन करुणा यात फरक काय?"

बाई म्हणाल्या, "हो, उद्या पाचलेच. पाऊस आला तरी."

एकीने पदर तोंडाला लावला. ती वाईट नव्हती, तिला हसू आवरलं नाही इतकंच. पण बाईंनी तो पदर बघितला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांच्या आधी उठल्या. घरी येऊन मशीन डबीत ठेवलं, झाकण लावलं. गुरुवारी लावलंच नाही, आणि विहारातही गेल्या नाहीत. मुलाचा फोन वाजला तो मीच उचलला, झोपल्यात म्हणाले. समोरच बसल्या होत्या.

मशीन न लावता बाई फार मोठ्याने बोलतात. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तशाच मोठ्या आवाजात शुक्रवारी सकाळी म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय. कान गेला."

मी हाताने खूण केली, दाखवून येऊ.

"काऊन? ऐकू येत नाई, हे ऐकाले जाऊ काय तिथी?"

मी डबी उचलून माझ्या खोलीत आणली. काय करणार होते ते ठरलं नव्हतं. ऐकायची नळी काढली, साचा सोडवून नुसतं मशीन तिला लावलं. लख्ख आवाज. बाहेर गवारवाल्याने हाक मारली ती कानात घुसली. म्हणजे मशीन चांगलं. बाई बरोबर बोलत होत्या. कानच गेला. मशीन बिघडलेलं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटत होतं.

मग मी साचा जोडून, साच्याच्या तोंडाला ऐकायची नळी लावून पुन्हा ऐकलं. हे खरं तर वहीत नव्हतं. उगीच, बघूया तरी काय होतं, म्हणून. आवाज गेलेला. गवारवाला जणू विहिरीच्या तळातून ओरडत होता.

साचा काढून मी खिडकीपाशी धरला. उजेड आरपार दिसायला हवा होता, दिसेना. नळीच्या मुळाशी पिवळट काहीतरी दाटून बसलं होतं. धुवायचा दिवस रविवारचा. पण गेल्या रविवारी मी साचा सकाळी धुतला होता, तेल दुपारी घातलं होतं. भांड्यात कोमट साबणाचं पाणी घेतलं, साचा सोडला, ब्रश फिरवला. पाण्यावर तेलाचे तवंग आले. वास घेतला. लसूण.

कानातला मळ तेलाने फुगून नळीत शिरला होता, एवढं तर डोळ्यांना दिसत होतं. आता धुवून, वाळवून, गुपचूप जोडून दिलं असतं तर बाईंना ऐकू आलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आला नाही असं म्हणणार नाही. पण साच्यात एवढं तेल तर कानात किती असेल? आणि माझ्या तेलाने आत काही बिघडलं असेल तर? मी वाळायला ठेवलेला साचा चारदा जाऊन बघितला.

दुपारी वही घेऊन बाईंसमोर बसले. त्यांना ऐकू येत नव्हतं, सांगायचं तर लिहूनच. मी लिहिलं: मि रविवारी तेल घातलं ते नळीत गेलं. माझि चूक आहे. तुमचा कान गेला नसेल.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. माझ्याकडे न बघता पेन मागितलं, 'मि' चा 'मी' केला, 'माझि' चा 'माझी' केला. मग पेनाचं टोक शेवटच्या शब्दावर टेकवलं.

"'नसेल' काऊन लिहिलं? 'नाही' काऊन नाई लिहिलं?"

मी खाली लिहिलं: मला माहीत नाही म्हणून.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगतील. आम्ही परत कुठे शोधणार, नवऱ्याला काय सांगणार, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. बाई म्हणाल्या, "डोळ्यांत तेल घालणे म्हंजे?"

मी लिहिलं: जागं राहणे.

"आन कानात तेल घालून बसणे म्हंजे?"

हे मला माहीत होतं. पाचवीत होतं. लिहायला हात उचलेना.

"लक्ष न देणे," त्याच म्हणाल्या. "छत्तीस वर्सं शिकवलं मी हे पोरांले, वाक्यात उपयोग कराले लावला. आन तू वाटी घेऊन आली तं डोकं पुढं केलं. जोड ते, आण इकडं."

साचा वाळला होता. उजव्या कानाची खूण म्हणून असलेला लाल ठिपका बघून, एकदा नाही तीनदा बघून, जोडला. बाईंनी कानात बसवला. मी त्यांच्या समोरून बाजूला झाले, कारण त्या ओठ वाचतात हे मला ठाऊक होतं, आणि पाठीमागून म्हटलं, "बाई, चहा ठेवू?"

"काहीतरी ठेवते म्हणते," बाई म्हणाल्या. "काय ते नाई कळलं."

म्हणजे आधीपेक्षा बरं, पण पुरतं नाही. राहिलेलं तेलामुळे की कानामुळे, हे घरात बसून कळणार नव्हतं. बाई उठल्या आणि त्यांनी कपाटातून फाइल काढली.

शनिवारी सकाळी ऑटोने गेलो. कान तपासणारी मुलगी वयाने माझ्याहून लहानच असेल. तिने दुर्बीण लावून कानात बघितलं आणि मान हलवली.

"आजी, तेल कोणी टाकलं?"

"मीच टाकलं," बाई म्हणाल्या.

"मी टाकलं," मी म्हटलं.

"दोघींनी मिळून टाकलेलं दिसते. अर्धी बाटली हाय आत." मग तिने माझ्याकडे बघून हळू आवाजात सांगितलं की मशीनवाल्या कानात तेल, पाणी, काडी, काहीच घालायचं नाही. मी मान खाली घालून वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आतल्या खोलीत डॉक्टरांनी कान साफ केला. पडदा शाबूत आहे म्हणाले. माझा श्वास निम्मा सुटला. उरलेला निम्मा तपासणीसाठी धरून ठेवला.

तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली कोठडी. बाई आत, कानावर मोठे हेडफोन. बाहेर ती मुलगी, समोर बटणांचा डबा, आणि तिच्या मागे मी. सूर ऐकू आला की बाईंनी बोट वर करायचं, बस. बाहेर आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मुलगी बटण दाबायची, बाईंचं वाकडं बोट वर. पुन्हा दाबायची, बोट वर. आवाज लहान लहान करत नेते, म्हणाली. एका ठिकाणी तिने दाबलं आणि बोट वर आलं नाही. तिने पुन्हा दाबलं. काचेपलीकडे बाईंनी डोळे मिटले होते. वर्गात उत्तर आठवत नसलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि मी उभ्या जागी माझंच बोट वर धरलं होतं हे मला मुलगी हसली तेव्हा कळलं. तिने किंचित मोठा सूर दिला. बाईंचं बोट वर आलं.

तिने कागदावर आजची रेघ काढली आणि फाइलमधला उन्हाळ्यातला कागद शेजारी ठेवला. तिने सांगायच्या आधीच मी दोन्ही रेघा बोटाने चाचपल्या. जवळजवळ एकावर एक. शेवटी शेवटी, बारीक आवाजांच्या जागी, नवी रेघ थोडी खाली उतरली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"एवढं वयानं उतरते. मशीनचा आवाज तिथी थोडा वाढवून देते. बाकी कान आहे तसाच आहे."

बाई बाहेर आल्या. मशीन लावलं. कागद मागून घेतला आणि पेपर तपासावा तशी ती रेघ इकडून तिकडे पाहिली. मुलीला म्हणाल्या, "तोंडावर हात ठेवून सांग." मुलीने तळहात तोंडावर धरला आणि म्हणाली, "आजी, कान आहे तसाच आहे."

"आता सांगतलं ते खरं," बाई म्हणाल्या, आणि कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

ऑटोत बसल्यावर त्या काही वेळ रस्त्याचे आवाज ऐकत होत्या. मी विचारायचं धाडस केलं, "बाई, तुम्ही मीच टाकलं असं का म्हणालात?"

"कान माहाच हाय ना," त्या म्हणाल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या, गुरुवार, शुक्रवार. "दोन दिवसाचं वाचन राह्यलं. आज जास्त वाचा लागन. आन त्या बाईले दया करुणेचं सांगाचं राह्यलं, ते आधी." पुढे वाकून त्यांनी ऑटोवाल्याला सांगितलं, घरी नको, विहारापाशी थांबव. संध्याकाळचे पाच वाजायला अजून सहा तास होते. मी तसं म्हटलंही.

"चाबी कोणापाशी हाय ते तं इचारू दे," बाई म्हणाल्या.